साचा, डाळिंब आणि भेंडी: विज्ञानातून प्रदेश कसा उभा राहतो

मुदत उलटून गेलेली कोविडची एक घरगुती चाचणी परवा औषधांच्या डब्यात सापडली. टाकून देण्याआधी ती सुरीनं उघडली. आत फारसं काही नव्हतं. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची कागदासारखी पट्टी, तिच्या एका टोकाला थेंब शोषून घेणारा बोळा, दुसऱ्या टोकाला उरलेलं पाणी पिऊन टाकणारा बोळा. मध्ये कुठेतरी सोन्याचे कण वाळवून बसवलेले. हो, सोनंच. पण इतकं बारीक की ते पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. चाचणीची लाल रेघ म्हणजे एका जागी अडकून पडलेलं सोनं.

हे विज्ञान वाचून थोडंफार ठाऊक होतं. माझं लक्ष गेलं ते वरच्या प्लास्टिकच्या झाकणाकडे. त्याच्या आतल्या बाजूला दोन-तीन बारीक उंचवटे होते. झाकण बसलं की ते पट्टीला ठरलेल्या जागी दाबतात. जरा जास्त उंच झाले, तर दाब वाढून थेंब पुढे सरकतच नाही. जरा कमी पडले, तर बोळा आणि पट्टी एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि पाणी भलतीकडेच पसरतं. फरक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा.

पुण्याजवळ भोसरीत टूलरूम, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे बनवायची शेड, चालवणाऱ्या एका मित्राला ते झाकण दाखवलं. त्यानं ते उजेडात धरलं, नखानं उंचवटा चाचपला आणि म्हणाला, "हे पहिल्या ट्रायलला मुद्दाम कमीच ठेवतात. प्लास्टिकमध्ये जो उंचवटा, तो साच्यात खड्डा. खड्डा खोल करायचा तर स्पार्क मारून स्टील काढलं की झालं. पण जास्त खोल गेला तर? काढलेलं स्टील परत घालता येत नाही. वेल्डिंग करा, घासा, पॉलिश करा, आणि तरी साचा पहिल्यासारखा होत नाही."

म्हणून साचा हळूहळू 'आणतात'. ट्रायल घ्यायची, शंभरेक झाकणं काढायची, प्रयोगशाळेत नेऊन पट्टीवर थेंब टाकून बघायचे आणि परत येऊन सांगायचं, "अजून थोडं." चार-पाच फेऱ्या ठरलेल्या. प्रयोगशाळा पाषाणला आणि टूलरूम भोसरीला असेल तर एक फेरी म्हणजे स्कूटरवर तासाभराची रपेट. साचा परदेशातून करून घेतला तर प्रत्येक 'अजून थोडं'साठी कुरिअर, कस्टम्स आणि काही आठवडे.

'विज्ञान, तंत्रज्ञान व नवउद्योगांच्या माध्यमातून प्रादेशिक अर्थव्यवस्थेचा विकास' असं एक लांबलचक सरकारी वाक्य आपण अधूनमधून वाचतो. त्या वाक्याचा अर्थ मला कुणी विचारला, तर मी या तासाभराच्या रपेटीपासून सुरुवात करीन.

आधी पैशाचं बघू. गावातला पैसा दोन तऱ्हेनं चालतो. न्हावी वाण्याकडून साखर घेतो, वाणी त्याच्याकडे दाढी करतो, दोघं मिळून चहावाल्याला जगवतात. हा पैसा गावातल्या गावात फिरतो. तो फिरायला हवाच, पण त्यानं गाव श्रीमंत होत नाही. त्यासाठी बाहेरून पैसा यावा लागतो. चाकणला तयार झालेली गाडी केरळात विकली जाते, सांगोल्याचं डाळिंब दिल्लीच्या बाजारात जातं, तेव्हा तो येतो. खरी मेख पुढे आहे. आलेला पैसा गावाबाहेर पडण्याआधी किती हातांतून जातो? डाळिंब दिल्लीला गेलं, पण त्याची रोपं, औषधं, खोकी, ठिबकच्या नळ्या, माती तपासणारी प्रयोगशाळा हे सगळं बाहेरचंच असेल, तर पैसा पुढच्या दारानं आला आणि मागच्या दारानं गेला.

विज्ञानाचा संबंध इथे येतो. जी वस्तू कुणीही कुठेही बनवू शकतो, तिचा भाव पाडला जातो. जी बनवायला वर्षानुवर्षांचं ज्ञान आणि सरावलेले हात लागतात, तिचा भाव सहज पडत नाही आणि तिच्यामागची बरीचशी कामं जवळपासच होतात.

हे एका कल्पनेतल्या मुलीच्या वाटेनं गेलं की नीट कळेल. तिला सुनीता म्हणू. घर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात, वडिलांची डाळिंबाची बाग, स्वतः जैवतंत्रज्ञान शिकलेली. डाळिंबवाल्यांचा जुना वैरी म्हणजे तेल्या. पानांवर तेलकट डाग, मग फळावर काळे ठिपके, मग फळाला तडा. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा रोग डोळ्यांना दिसेपर्यंत बागेत पसरलेला असतो. मग शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार देईल ते फवारतो. वर्षानुवर्षं फवारल्या गेलेल्या औषधांमधलं एक म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लीन हे प्रतिजैविक, आणि तेही पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं. १९५४ साली देशाला पेनिसिलिन मिळावं म्हणून उभारलेल्या या सरकारी कारखान्याचा माल सांगोल्याच्या बागेपर्यंत पोचला, हीसुद्धा एक प्रादेशिक अर्थव्यवस्थाच. शेतीतल्या प्रतिजैविकांवर आता बंधनं आली आहेत, तो भाग वेगळा.

सुनीताच्या डोक्यात येतं, की कोविडसारखीच पट्टी तेल्यासाठी केली तर? पानाचा रस टाकायचा, रेघ आली की समजायचं. डाग दिसण्याआधीच.

पहिली पायरी तशी सोपी जाते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शुद्ध वाढवलेला जिवाणू घेतला, त्याला ओळखणारी प्रतिद्रव्यं पट्टीवर बसवली, लाल रेघ आली. शोधनिबंध झाला, पदवी मिळाली, गाईड खूश.

मग ती खरं पान कुटते आणि रेघ गायब. डाळिंबाच्या पानात टॅनिन भरपूर असतं. चहाला जो तुरटपणा असतो, त्याच जातीचं हे द्रव्य. ते प्रथिनांना चिकटतं, आणि प्रतिद्रव्यं ही प्रथिनंच. म्हणजे रोग ओळखायचा तो पहारेकरीच पानाच्या रसात लडबडून बसला. यावर उपाय शोधायला सहा महिने. तो सापडला की पट्टी मे महिन्यात बागेत न्यायची. बेचाळीस अंश, धूळ, हातांना माती. पुन्हा नवी भानगड. तीही सुटली, तर अशा दहा हजार पट्ट्या बनवायच्या, आणि दहा हजारावी पट्टी पहिलीसारखीच वागली पाहिजे. इथे ते झाकण आणि तो साचा येतो.

अमेरिकेच्या नासानं सत्तरच्या दशकात तंत्रज्ञान किती पिकलंय हे ठरवायची एक मोजपट्टी बनवली. पुढे तिला नऊ पायऱ्या झाल्या. एक म्हणजे नुसतं तत्त्व कळलंय, नऊ म्हणजे वस्तू खऱ्या कामात रुळलीय. जगभर आता हीच मोजदाद चालते. सुनीताचा शोधनिबंध तिसऱ्या पायरीवर संपला. बाजार आठव्या-नवव्या पायरीवर आहे. चार ते सातचं काय?

तिथे पैसे द्यायला कुणी नसतं. संशोधनाचं अनुदान निबंधाबरोबर संपलेलं. बँकेत जावं तर मॅनेजर विचारतो, तारण काय? सुनीताकडे तारण म्हणजे एक पेटंटचा अर्ज आणि वडिलांची, आधीच सोसायटीत गहाण असलेली, जमीन. खासगी गुंतवणूकदाराला विचारावं, तर तो म्हणतो, विक्री सुरू झाली की या. आणि विक्री सुरू करायलाच तर पैसे हवेत. कल्पना वाईट होती म्हणून मेलेल्या कंपन्या मोजाव्यात आणि या मधल्या पायऱ्यांवर उपाशी मेलेल्या मोजाव्यात, तर दुसरा ढीग मोठा निघेल असा माझा अंदाज आहे.

स्टार्टअपला आधार म्हणजे मुख्यतः या चार पायऱ्यांवरचा आधार. बाकी बॅनर, टी-शर्ट आणि हॅकेथॉन.

पैशाची सोय आता बऱ्यापैकी झाली आहे, हे मान्य करायला हवं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नुसता नमुना बनवायला १० लाखांपर्यंत देते. बायरॅक ही जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था, स्थापना २०१२. तिचं बिग नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी, आणि त्या बदल्यात कंपनीत हिस्सा मागत नाहीत. हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. कर्ज असेल तर हप्ता सुरू होतो, गुंतवणूक असेल तर हिस्सा जातो. अनुदानात प्रयोग फसला तर फसला, माणूस बुडत नाही. २०२१ साली आलेली स्टार्टअप इंडियाची ९४५ कोटींची बीजभांडवल योजनाही याच पट्ट्यात काम करते. मात्र तिचे पैसे सरळ कंपनीला न जाता इन्क्युबेटरमार्फत जातात.

हा इन्क्युबेटर शब्द आपल्याकडे पोल्ट्रीतून आलाय असं वाटावं इतका चपखल आहे. अंड्याला ऊब देणारी पेटी. पण कोंबडीवाल्याला विचारा, नुसती ऊब पुरत नाही म्हणून सांगेल. दमटपणा लागतो, अंडी दिवसातून काही वेळा फिरवावी लागतात, आणि मुळात अंडं फळलेलं असावं लागतं. कितीतरी कॉलेजांत मी 'इन्क्युबेशन सेंटर'ची पाटी पाहिली आहे. आत आठ टेबलं, एक प्रोजेक्टर आणि भिंतीवर स्टीव्ह जॉब्सचा फोटो. टेबलं ही काही ऊब नव्हे.

खरा इन्क्युबेटर बघायचा तर पुण्यात पाषाणला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे पुणेकरांच्या 'एनसीएल'च्या आवारात २००७ च्या जानेवारीत व्हेंचर सेंटर सुरू झालं. त्यामागचे प्रमुख प्रेमनाथ हे स्वतः पॉलिमरचे शास्त्रज्ञ. तिथे जागा भाड्यानं मिळते, हे तसं गौण. महत्त्वाचं हे, की यंत्रं वाटून वापरता येतात. रेणूचं वजन काढणारं यंत्र, उणे ८० अंशांचे फ्रीझर, सूक्ष्मदर्शक. यातलं एकेक यंत्र विकत घ्यायचं तर सुनीताची कंपनी तिथेच संपली. तासाच्या हिशोबानं वापरायचं तर जमतं. भिशीसारखंच गणित आहे: एकट्याला न परवडणारं दहाजणांत परवडतं. शिवाय पेटंट कसं लिहायचं, वैद्यकीय वस्तूचा परवाना कुठे काढायचा, अनुदानाचा अर्ज कुठे फेटाळला जातो, हे सांगणारी माणसं त्याच इमारतीत. शेजारच्या खोलीत दुसरा कुणीतरी टॅनिनशी झगडून बसलेला असतो आणि चहा पिताना सहा महिन्यांचं काम सहा मिनिटांत सांगून जातो.

पण व्हेंचर सेंटर २००७ चं आणि एनसीएल १९५० ची, हे विसरू नये. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मध्ये सत्तावन्न वर्षं गेली. त्याहूनही मागे जायचं तर अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात, म्हणजे आजचं सीओईपी हे पुण्याचं अभियांत्रिकी कॉलेज, १८५४ ची. मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना १९३४ ची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली १९१० साली, लोखंडी नांगरासाठी. तिथून निघालेल्या घराण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ पर्यंत खडकीला आला. एमआयडीसी १९६२ ची. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय १९६६ ची. साठ-सत्तरच्या दशकांत पिंपरी-चिंचवडला टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाज आले, आणि त्यांना सुटे भाग पुरवायला भोसरीच्या शेडांमध्ये लेथ लागले. माझ्या मित्राचे वडील त्यातल्याच एका लेथवर होते. आज तो कोविडच्या झाकणाचा उंचवटा नखानं ओळखतो, ते त्या लेथमुळे. स्टार्टअप धोरणाच्या कुठल्याही कागदावर ना तो आहे, ना त्याचे वडील.

ज्ञान प्रयोगशाळेतून बाहेर पडतं ते बहुतेक वेळा माणसाच्या पायांनी. सीरम इन्स्टिट्यूटची गोष्ट त्यासाठीच मला आवडते. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा धंदा होता. म्हातारे घोडे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तद्रवातून धनुर्वातावरचं औषध बनायचं. हाफकिन म्हणजे १८९९ साली प्लेगसाठी सुरू झालेली सरकारी प्रयोगशाळा. सायरस पूनावालांच्या लक्षात आलं, की घोडे आपले, मग औषध आपणच का बनवू नये? १९६६ साली कंपनी निघाली, आणि हाफकिनमध्ये हात बसलेली माणसं तिच्या सुरुवातीच्या दिवसांत कामी आली. नावातलं सीरम तेच, घोड्याच्या रक्तातलं. सरकारी संस्थेनं साठ-सत्तर वर्षं जपलेली विद्या अशी घाट चढून पुण्यात आली.

२०२० च्या मार्चमध्ये या सगळ्या जमवाजमवीची कसोटी लागली. मायलॅब ही पुण्याची छोटी कंपनी. मीनल दाखवे-भोसले यांच्या गटानं कोविडची आरटी-पीसीआर चाचणी सहा आठवड्यांत बनवली. एरवी अशा कामाला तीन-चार महिने जातात. दाखवे-भोसले त्या वेळी गरोदर होत्या. १८ मार्चला किट तपासणीसाठी दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. ही बातमी सगळ्यांनी वाचली. कमी लोकांच्या लक्षात आलं ते हे, की किट तपासायला द्यायचं कुठे, तर राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, आणि ती १९५२ पासून पुण्यातच आहे. २३ मार्चला मंजुरीची बातमी आली. परदेशी किटनं एका चाचणीला साडेचार हजारांच्या घरात खर्च येत होता, तो इथे बाराशेवर आला. पुढे २०२१ च्या मे महिन्यात देशात पहिल्यांदा मंजूर झालेली घरगुती चाचणीही याच कंपनीची. माझ्या डब्यातली ती पट्टी त्याच कुळातली.

सगळंच इतकं छान जमतं असंही नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, डॉ. माशेलकर संचालक असताना, एनसीएलनं पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकसंबंधीची पेटंटं जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीला वापरायला दिली. भारतीय प्रयोगशाळेनं अमेरिकी कंपनीला तंत्रज्ञान विकायचं, ही त्या काळी उलटी गंगा होती. भारतात असं काम होतं हे त्या कंपनीला कळलं, आणि २००० साली तिनं आपलं भलंमोठं संशोधन केंद्र भारतात उघडलं. बंगळुरात. कारणं अनेक असतील, पण बी पाषाणला पेरलं आणि सावली व्हाइटफील्डला पडली. मागच्या दारानं जाणारा पैसा म्हणालो, तो असाही जातो.

आणि उलट, पुण्यासारखं काहीच नसताना एखादा प्रदेश विज्ञानावर उभा राहतो, त्याचं उदाहरण मराठवाड्यात आहे. जालना.

बद्रीनारायण बारवाले हे जालन्याचे शेतकरी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं 'पुसा सावनी' नावाची भेंडी काढली होती. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला ती दाद देत नसे. बारवाल्यांनी तिचं बी वाढवून विकायला सुरुवात केली. १९६४ साली महिको ही त्यांची बियाण्यांची कंपनी निघाली. संकरित बियाण्यांमध्ये खासगी कंपनीनं उतरायचं, ही तेव्हा नवी गोष्ट होती. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण मला त्या पुरस्कारापेक्षा जालना-देऊळगावराजा पट्ट्यातले सीड प्लॉट, म्हणजे कंपन्यांसाठी बी पिकवणारी शेतं, जास्त बोलके वाटतात.

संकरित बी बनवायचं म्हणजे काय करावं लागतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. भेंडीच्या किंवा कपाशीच्या फुलात नर आणि मादी भाग एकत्रच असतात, त्यामुळे फूल स्वतःच फळून मोकळं होतं. ते होऊ द्यायचं नाही. म्हणून उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशी दुपारनंतर ओळखायची, नखानं पाकळीचं आवरण सोलायचं आणि आतले पुंकेसर खरवडून काढायचे, स्त्रीकेसराला धक्का न लावता. मग खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग त्यावर फिरवायचे. एकेक फूल, हातानं. चुकून राहिलेल्या चार-दोन फुलांमुळे बियाण्याची शुद्धता घसरते आणि अख्खा लॉट नापास होतो. हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि आईचं बघून मुलगी शिकते.

आता हिशोब बघा. मूळ वाण दिल्लीच्या सरकारी संस्थेचा. कंपनी गावातल्या माणसाची. आणि खरवडणारे हात पिढीजात होत गेलेले. एक कंपनी निघाली, तिच्यात शिकलेली माणसं दुसऱ्या कंपन्यांमध्ये गेली, नव्या कंपन्यांना सीड प्लॉट घेणारे शेतकरी आयते मिळाले. कोरडवाहू, पाण्यासाठी कायम वर बघणारा हा पट्टा बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला. तेव्हा स्टार्टअप हा शब्द आपल्याकडे नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

तिथून जवळच छत्रपती संभाजीनगर. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्यामागे सुट्या भागांच्या शेडा आल्या, उद्योजकांची संघटना बळकट झाली, तिच्या पुढाकारानं सामाईक चाचण्यांसाठी मराठवाडा ऑटो क्लस्टर झालं आणि पुढे 'मॅजिक' हा इन्क्युबेटरही. क्रम लक्षात घ्या. आधी कारखाना, मग हात, मग सामाईक यंत्रं आणि शेवटी इन्क्युबेटर. आपण अनेक जिल्ह्यांत हा क्रम उलटा लावायला बघतो. आधी काचेची इमारत.

बरं, नुसती प्रयोगशाळा असली की काम झालं असंही नाही. नागपूरला नीरी १९५८ पासून आहे. हवा-पाण्याच्या प्रदूषणावर तिचं काम देशभर मानलं जातं. पण पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचं जाळं नागपूरभोवती विणलं गेलंय, असं चित्र काही दिसत नाही. मला वाटतं तिथे गिऱ्हाईक कमी पडलं. प्रयोगशाळेचं काम सरकारला अहवाल देण्यात जास्त गेलं की तिच्याभोवती विकत घेणारा बाजार तयार होत नाही.

गिऱ्हाइकाचा हा मुद्दा धोरणांत सगळ्यांत शेवटी येतो आणि सुनीताला मात्र तो सगळ्यांत आधी नडतो. अनुदानानं कंपनी जगते, पण पहिल्या ऑर्डरनं ती कंपनी होते. महाराष्ट्र सरकारची एक गोष्ट मला यात आवडली. २०१८ च्या स्टार्टअप धोरणानंतर राज्याच्या नाविन्यता सोसायटीनं 'स्टार्टअप वीक' सुरू केला, आणि त्यातल्या चोवीस विजेत्यांना बक्षिसाचा चेक न देता सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतची कामाची ऑर्डर द्यायची असं ठरवलं. बक्षीस घरी फ्रेम करून लावता येतं. ऑर्डर पुरी करताना कळतं, की खात्याचं बिल निघायला किती महिने लागतात, शेतकऱ्याला सूचना वाचायला चष्मा लागतो, आणि आपली पट्टी पुड्यातून काढतानाच वाकते.

सुनीताची पट्टी कोण घेईल? एकेकटा शेतकरी नंतर घेईल. आधी घेईल ती शेतकरी उत्पादक कंपनी, रोपवाटिका, निर्यातदार. रोपवाटिकेतूनच रोग बागेत येतो, त्यामुळे रोप विकण्याआधी तपासलं तर दोघांचंही भलं. आणि पट्टी खरी की खोटी हे ठरवणारं तटस्थ ठिकाणही तिच्या जिल्ह्यातच आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरला २००५ पासून आहे. दाखवे-भोसल्यांना जसं पुण्यात विषाणूंचं केंद्र, तसं हिला हे.

तरीही तिची कंपनी बहुधा पुण्यातच नोंदली जाईल. यंत्रं पाषाणला, साचा भोसरीत, अनुदानाच्या मुलाखती पुण्या-मुंबईत. कंपनी चाललीच तर बाणेरला फ्लॅट. आणि सांगोल्याला काय उरेल? रोगट पानांचे नमुने आणि 'आमच्या गावची पोरगी' असा फ्लेक्स. पुण्याचं कौतुक करताना हे बोलायचं राहून जातं. पुणे आजूबाजूच्या दहा जिल्ह्यांतली हुशार पोरं ओढून घेतं आणि त्याला राज्याची प्रगती म्हटलं जातं.

हे सगळं मित्राला बोलून दाखवलं. त्यानं झाकण परत हातात घेतलं आणि विचारलं, "पट्ट्या आत भरतं कोण? मशीन?"

म्हटलं, सुरुवातीला हातानंच भरतात. पट्टी कापायची, झाकणात बसवायची, दाबायची, पुड्यात घालायची. फक्त खोलीत हवा कोरडी लागते. पट्टीनं ओल धरली की ती बाद.

"सोलापूरला हवा कोरडीच ना," तो म्हणाला. "आणि विड्या वळणाऱ्या बायका आहेत तिकडे हजारोंनी. तंबाखूत दिवस काढतात, हजार विड्यांमागे मजुरी. त्यांच्या बोटांना हे काम काय अवघड आहे? एक पान बरोब्बर कापायचं, दाबायचं, दोऱ्यानं बांधायचं. माझ्या ट्रेनीला सहा महिन्यांत जमणार नाही ते."

त्यानं झाकण मिटलं. टक् असा आवाज आला.

"साचा इथेच करू दे तिला. पण भरायचं काम सोलापूरला टाक म्हणावं. आणि झाकणाला इथे एक कड दे, म्हणजे आंगठ्याला पकड मिळेल. दिवसाला हजार दाबायची तर आंगठा दुखतो."